स्वमग्न मुलासाठी ‘सर्व्हिस डॉग’ मिळतो का? उपचारासाठी परळ-दादरला येणाऱ्या पालकांनी आधी हे वाचावं

मुलाला घेऊन रात्रीच्या गाडीने दादरला उतरायचं, लालबागला काकांच्या खोलीवर बॅग टेकवायची आणि सकाळी केईएम किंवा वाडिया रुग्णालयात नंबर लावायचा. गिरणगावाशी जुनं नातं असलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक घरांना ही फेरी नवीन नाही. मूल स्वमग्न असेल तर या फेरीतली सर्वांत अवघड जागा डॉक्टरची केबिन नसते. ती असते दादरचा पूल, परळची गर्दी आणि रस्ता ओलांडतानाचा तो एक क्षण, जेव्हा मूल हात सोडून पळत सुटतं.

अशाच पालकांच्या मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ येतात. मूल रडून रडून लाल झालंय, एक मोठा कुत्रा शांतपणे येऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि मूल हळूहळू शांत होतं. मग प्रश्न पडतो की असा कुत्रा आपल्याला मिळेल का, कुठे आणि कितीला? या लेखात त्याची माहिती टप्प्याटप्प्याने दिली आहे.

थोडक्यात उत्तर

- परदेशात एखादी संस्था कुत्रा दोन वर्षं तयार करून कुटुंबाच्या हातात देते, तशी रुळलेली व्यवस्था आपल्याकडे नाही.
- प्रशिक्षित कुत्र्यासोबत थेरपीची सत्रं मात्र मुंबईत मिळतात. सुरुवात तिथूनच करावी.
- घरचा कुत्रा चांगला प्रशिक्षक आणि मुलाचा थेरपिस्ट यांच्या मदतीने काही कामांसाठी तयार करता येतो. याला वेळ लागतो आणि यशाची हमी नसते.
- ‘सरकारमान्य सर्व्हिस डॉग’ म्हणून कार्ड, जॅकेट आणि प्रमाणपत्र विकणाऱ्यांपासून सावध राहावं.

तीन वेगवेगळ्या गोष्टी, नाव मात्र एकच घेतलं जातं

बोलताना लोक सगळ्यालाच ‘थेरपी डॉग’ म्हणतात. प्रत्यक्षात प्रकार तीन आहेत.

*सर्व्हिस डॉग म्हणजे सेवा-श्वान.* हा एकाच व्यक्तीसाठी तयार केलेला असतो आणि त्या व्यक्तीच्या अडचणीशी थेट संबंध असलेली ठरावीक कामं करतो. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा सर्वांना माहीत असतो. मानसिक आजार किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्तीसाठीही असे कुत्रे तयार केले जातात.

*थेरपी डॉग.* हा आपल्या हँडलरसोबत शाळेत, दवाखान्यात किंवा केंद्रात येतो, अनेक मुलांसोबत काम करतो आणि संध्याकाळी हँडलरच्या घरी परत जातो. तो तुमच्या घरी राहत नाही.

*घरचा सोबती.* हा पाळलेला कुत्रा. त्याच्यामुळे मुलाला बरं वाटतं, लळा लागतो. पण त्याने कुठलंही खास काम शिकलेलं नसतं.

अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली पहिल्या प्रकारच्या कुत्र्याला दुकान, शाळा, बस सगळीकडे नेण्याचा हक्क आहे. फक्त जवळ असल्याने धीर येतो, एवढ्यावर तिथेही कुत्रा सर्व्हिस डॉग ठरत नाही, त्याला काम यावं लागतं. आणि तिथेही सरकारी नोंदणी किंवा ओळखपत्र अशी अट नाही. त्यामुळे इंटरनेटवर ‘अमेरिकन सर्टिफिकेट’ विकणारा काय विकतोय, हे लक्षात यावं.

स्वमग्न मुलासाठी कुत्रा नेमकं काय करतो?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसतज्ज्ञाने आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याचा अनुभव मांडला. माणसांशी न बोलणारी मुलं कुत्र्यासमोर मोकळी होतात, असं त्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हा इतर तज्ज्ञांनी त्याची थट्टाही केली. पुढे १९९०च्या दशकात कॅनडात खास स्वमग्न मुलांसाठी कुत्रे तयार करायला सुरुवात झाली आणि नंतर ही पद्धत इतर देशांत गेली. अशा कुत्र्यांची मुख्य कामं ही:

१. *पळणाऱ्या मुलाला थोपवणं.* मुलाच्या कंबरेचा पट्टा कुत्र्याच्या जॅकेटला जोडलेला असतो. कुत्र्याचा दोर मोठ्या माणसाच्या हातात असतो. मूल पळायला लागलं की कुत्रा जागेवर घट्ट बसतो किंवा उभा राहतो, आणि आई-वडिलांना दोन-चार सेकंद मिळतात. रस्त्यावर तेवढे पुरतात.

२. *अंगावर वजन देणं.* मूल फार अस्वस्थ झालं की खुणेवर कुत्रा त्याच्या मांडीवर किंवा पायांवर आडवा होतो. काही मुलांना असा सारखा दाब शांत करतो. घट्ट मिठीने किंवा जड गोधडीने शांत होणारं मूल असेल तर पालकांना हे लगेच कळेल.

३. *स्वतःला इजा करणारी कृती मोडणं.* डोकं आपटणं, हात चावणं सुरू झालं की कुत्रा नाकाने ढकलतो, पंजा ठेवतो, लक्ष वळवतो.

४. *झोप आणि रोजचा क्रम.* काही मुलं कुत्रा शेजारी असला की एकटी झोपतात. कुत्र्याला खायला घालणं, ब्रश करणं, फिरवणं यातून दिवसाला एक क्रम येतो.

५. *बोलण्याला निमित्त.* कुत्रा सोबत असला की इतर मुलं जवळ येतात, नाव विचारतात. ‘बस’, ‘ये’, ‘दे’ अशा एका शब्दाच्या आज्ञा मूल कुत्र्याला देऊ लागतं.

यातलं प्रत्येक काम प्रत्येक मुलाला लागेलच असं नाही. आपल्या मुलाची अडचण कोणती, हे आधी लिहून काढलं तरच कुत्र्याचा विचार करण्यात अर्थ आहे.

संशोधन काय सांगतं?

कुत्र्याने स्वमग्नता ‘बरी’ होत नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी ठेवण आहे. ती ताप-खोकल्यासारखी जाणारी गोष्ट नाही.

फायदा होतो तो ताणावर. कॅनडातल्या ४२ स्वमग्न मुलांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी उठल्यावर शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. कुत्रा घरात येण्याआधी या मुलांमध्ये ही वाढ सरासरी ५८ टक्के होती. कुत्रा आल्यावर ती १० टक्क्यांवर आली आणि काही काळासाठी कुत्रा बाजूला ठेवल्यावर पुन्हा ४८ टक्के झाली. पालकांनी सांगितलेल्या त्रासदायक वागणुकींची सरासरी संख्याही ३३ वरून २५ पर्यंत घटली.

हे आकडे आशा देणारे आहेत, पण एक गोष्ट विसरू नये. ते कुत्रे संस्थेने निवडून, दीर्घकाळ शिकवून दिलेले होते. बाजारातून आणलेल्या पिल्लाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

भारतातला कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात स्वमग्नता आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही ती आहे. म्हणजे मुलाला कायद्याचं संरक्षण आहे. पण सेवा-श्वानाची नोंदणी, प्रमाणपत्र, अनुदान किंवा त्याला सगळीकडे नेण्याचा हक्क, अशी स्वतंत्र व्यवस्था आपल्याकडे नाही. हॉटेल, दवाखाना, शाळा, लोकल इथे कुत्र्याला प्रवेश द्यायचा की नाही हे त्या-त्या ठिकाणच्या नियमांवर आणि तिथल्या माणसांवर अवलंबून राहतं.

म्हणूनच ‘हे कार्ड दाखवा, कोणी अडवणार नाही’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

मुंबईत काय मिळतं?

*प्राण्यांच्या साहाय्याने थेरपी:* मुंबईत या कामात सर्वांत ओळखीचं नाव ॲनिमल एंजल्स फाउंडेशन. मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांनी ही संस्था सुरू केली. प्रशिक्षित कुत्रे आणि मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेले हँडलर यांच्यासोबत विशेष मुलांच्या शाळा आणि केंद्रांमध्ये सत्रं घेणं, हे संस्थेचं मुख्य काम. इथे कुत्रा विकत मिळत नाही, मुलाला कुत्र्यासोबत काम करायला मिळतं. चेंडू फेकणं, पट्टा लावणं, वाटीत खाणं मोजून घालणं अशा खेळांतून थेरपिस्ट मुलाची नजर, वाट पाहण्याची सवय, बोटांची पकड आणि शब्द यांवर काम करतात.

*निदान आणि विकासाचे उपचार:* परळला केईएम (स्थापना १९२६) आणि मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय एकमेकांच्या जवळच आहेत. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर चिंचपोकळी स्टेशनजवळ ‘उमीद’ हे बालविकास केंद्र आहे. २००१ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी काम करतं. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा मुंबईतल्या पालकांचा गट आहे. दुसऱ्या पालकाचा अनुभव ऐकायचा असेल तर अशा गटाइतकी चांगली जागा नाही.

*प्राण्यांची रुग्णालयं:* केईएमपासून जवळच परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. ते चालवणारी बॉम्बे एसपीसीए ही संस्था १८७४ सालची. त्याच परिसरात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कुत्रा घेण्याआधी त्याची तपासणी करून घ्यायला या जागा उपयोगी आहेत.

पहिलं काम कागदाचं, कुत्र्याचं नंतर

मुंबईला येण्याआधी आपल्या जिल्ह्यातच काही गोष्टी होतात.

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत येऊन ० ते १८ वयोगटातल्या मुलांची तपासणी करतात. शंका असलेल्या मुलाला जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. ही तपासणी आणि पुढची सेवा मोफत असते.
- स्वमग्नतेचं दिव्यांग प्रमाणपत्र ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर ठरतं. त्यात ४० मुद्दे असतात आणि एकूण गुण ४० ते २०० मध्ये येतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र.
- प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.
- राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही येतो. कुत्रा विकत घेण्यासाठी हे पैसे नाहीत, पण थेरपीचा भार हलका झाला तर घरातले पैसे दुसरीकडे वापरता येतात.
- पालक जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील तर कलम ८० डीडी खाली ७५ हजार रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १ लाख २५ हजार रुपयांची.

कुत्रा घेण्याआधीचे पाच टप्पे

*पहिला: मुलाची प्रतिक्रिया पाहा.* काही स्वमग्न मुलांना कुत्र्याचं भुंकणं, वास, ओलं नाक अजिबात सहन होत नाही. नातेवाइकांच्या किंवा शेजारच्या शांत कुत्र्याजवळ, दहा-पंधरा मिनिटं, अनेक वेळा बसवून पाहावं. दमा किंवा ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

*दुसरा: थेरपीची सत्रं घ्या.* दोन-तीन महिने तरी. गावाहून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर शाळेच्या सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे राहून सलग सत्रं घेता येतील का, हे आधी फोनवर ठरवावं.

*तिसरा: कामं ठरवा.* मुलाच्या थेरपिस्टसोबत बसून दोन किंवा तीनच कामं निवडावीत. ‘मूल शांत व्हावं’ हे काम नाही. ‘मूल कानावर हात ठेवून खाली बसलं की कुत्र्याने मांडीवर डोकं ठेवावं’ हे काम आहे.

*चौथा: कुत्रा निवडा.* जगभर या कामाला लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर जास्त घेतले जातात, कारण ते माणसाळलेले आणि सहनशील असतात. लॅब्राडोर मोठा झाला की २५ ते ३५ किलोचा होतो, हे खोली पाहून ठरवावं. गोल्डनचे दाट केस मुंबई-कोकणच्या दमट हवेत जास्त काळजी मागतात. आपला गावठी कुत्रा हवेला सरावलेला आणि हुशार असतो. त्याचा स्वभाव शांत असेल तर घरचा सोबती म्हणून तो उत्तम. जातीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा. भांडं पडल्यावर दचकून लगेच सावरणारं, कान ओढला तरी न गुरगुरणारं आणि अनोळखी माणसाकडे शेपूट हलवत येणारं पिल्लू पाहावं. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नये.

*पाचवा: प्रशिक्षक पारखा.* मारून किंवा काटेरी पट्ट्याने शिकवणारा प्रशिक्षक या कामाला चालत नाही. भीतीने शिकलेला कुत्रा एखाद्या दिवशी उलटू शकतो, आणि समोर असतं ते स्वतःचा त्रास सांगता न येणारं मूल.

शिकवायला किती काळ लागतो?

पिल्लापासून सुरुवात केली तर दीड ते दोन वर्षं. पहिले काही महिने माणसांची, आवाजाची, गर्दीची सवय. मग बस, थांब, ये, सोड या मूळ आज्ञा. मग ठरवलेली कामं. सर्वांत शेवटी मुलासोबत बाहेर पडणं. शिकवलेले सगळे कुत्रे या कामाला योग्य ठरत नाहीत. परदेशातल्या मोठ्या संस्थांमध्येही बरेच कुत्रे मध्येच बाजूला काढले जातात. तसं झालं तर तो कुत्रा घरचा सोबती म्हणून सांभाळायची तयारी आधीच असावी.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याचा हँडलर मूल नसतं, मोठं माणूस असतं. म्हणजे घरातल्या एकाने आज्ञा शिकायच्या, रोज सराव घ्यायचा आणि बाहेर जाताना मूल व कुत्रा दोघांकडे लक्ष ठेवायचं. मुलाला कुत्र्याच्या भरवशावर एकटं कधीही सोडायचं नाही. मूल आणि कुत्रा पट्ट्याने जोडलेले असताना तर नाहीच नाही.

चाळीतली खोली, सोसायटी आणि गाव

लालबाग-परळची चाळीतली खोली साधारण १६० ते १८० चौरस फुटांची. बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक संडास. अशा खोलीत पाच माणसं आणि एक लॅब्राडोर हे अशक्य नाही, पण कुत्र्याला दिवसातून दोन-तीनदा खाली न्यावंच लागतं. गिरगावातल्या वाड्यांमध्येही जागेची हीच अडचण. शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावं. मूल स्वमग्न आहे आणि कुत्रा कशासाठी आणलाय हे चाळीच्या बैठकीत एकदा नीट सांगितलं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

इमारतीत राहत असाल तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना माहीत असाव्यात. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही, असं त्या सांगतात. मात्र घाण उचलणं, लस टोचणं आणि कुत्र्याला पट्ट्यात ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो.

गावी जागा भरपूर, पण अडचणी वेगळ्या. मोकाट कुत्रे अंगावर येतात, साप-विंचू असतात, आणि ‘कुत्रा अंगणात बरा, घरात कशाला?’ असं आजी म्हणते. सेवा-श्वानाला मुलाजवळ, म्हणजे घरातच राहावं लागतं. हे घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

प्रवास आणि गर्दी

लांब पल्ल्याच्या रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर एसी फर्स्ट क्लासमधला पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते. नाहीतर त्याची पार्सल कार्यालयात नोंद करून गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून न्यावं लागतं. म्हणजे मूल एका डब्यात आणि कुत्रा दुसऱ्यात. एसटीत नेता येईल असं गृहीत धरू नये, आधी आगारात विचारावं. गावी राहणाऱ्या कुटुंबाने हा मुद्दा नीट तपासावा, कारण मुंबईच्या फेरीत कुत्रा सोबत नसेल तर दादरच्या पुलावर तो उपयोगाचा नाही.

गणपतीत लालबाग-परळला आणि दिवाळीत सगळीकडे ढोल, डीजे, फटाके असतात. त्या आवाजाने मुलाला त्रास होतो तसा कुत्र्यालाही होतो. घाबरलेला कुत्रा घाबरलेल्या मुलाला सांभाळू शकत नाही. त्या दिवसांत दोघांनाही आतल्या खोलीत, खिडक्या लावून, ओळखीच्या अंथरुणावर ठेवणं बरं.

कुत्र्याची तब्येत म्हणजे मुलाची सुरक्षितता

- पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात, मग पशुवैद्य सांगेल तसे पुढचे डोस.
- पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याची लस वेगळी विचारून घ्यावी आणि साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये.
- गोचीड आणि जंत यांवर नियमित औषध. मूल कुत्र्याला मिठी मारतं, त्याचे हात तोंडात जातात, म्हणून हे टाळू नये.
- कांदा, चॉकलेट, मनुका कुत्र्याला विषारी असतात. मूल प्रेमाने आपल्या ताटातलं भरवतं, तेव्हा लक्ष ठेवावं.
- कुत्र्याला स्वतःची जागा हवी. तो तिथे गेला की मुलाने त्याच्या मागे जायचं नाही, हा घरातला पक्का नियम.
- दात लागला किंवा खरचटलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि सरकारी रुग्णालय गाठावं. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून घरी थांबू नये. स्वमग्न मूल दुखलेलं सांगत नाही, त्यामुळे अंग रोज पाहावं.

खर्च

परदेशात एक कुत्रा तयार करायला साधारण २० ते ३० हजार डॉलर लागतात आणि कुटुंबं दोन-तीन वर्षं यादीत थांबतात. आपल्याकडे ठरावीक दर नाही. पिल्लाची किंमत हा त्यातला सर्वांत लहान भाग. खरा खर्च दीड-दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा, आणि मग दहा-बारा वर्षं रोजचं खाणं, लस, औषधं आणि आजारपण यांचा. महिन्याचा हिशेब कागदावर मांडावा. त्यासाठी मुलाची स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपी बंद करावी लागत असेल तर कुत्रा घेऊ नये. कुत्रा थेरपीची जागा घेत नाही.

जमीन विकून, दागिने गहाण ठेवून ‘खात्रीचा उपाय’ घेण्याची घाई नको. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, तोवर अनेक पालकांचे पैसे गेले होते. जिथे पालक हतबल असतात तिथे विकणारे येतात, मग ते इंजेक्शन असो की जॅकेट घातलेला कुत्रा.

नेहमीचे प्रश्न

*डॉक्टर सर्व्हिस डॉग लिहून देतात का?* औषधासारखी चिठ्ठी मिळून कुत्रा मिळेल अशी सोय नाही. मात्र मुलाला कुत्र्याच्या सोबतीचा उपयोग होतो, असं डॉक्टरांचं किंवा थेरपिस्टचं पत्र सोसायटी आणि शाळेशी बोलताना कामी येतं.

*शाळेत कुत्रा नेता येईल का?* शाळेच्या संमतीनेच. त्याऐवजी शाळेत थेरपी डॉगची सत्रं आणता येतील का, हे मुख्याध्यापकांना विचारून पाहावं. एका मुलाऐवजी अनेक मुलांना फायदा होतो.

*मुलाने कुत्र्याला मारलं तर?* मारहाण वारंवार होत असेल तर कुत्रा आणू नये. आधी त्या वागणुकीवर थेरपिस्टसोबत काम करावं.

*कुत्रा म्हातारा झाला किंवा गेला तर?* मोठा कुत्रा साधारण आठ-दहा वर्षांचा झाला की त्याच्याकडून काम घेऊ नये. स्वमग्न मुलाला बदल अवघड जातो, म्हणून फोटो आणि चित्रांच्या मदतीने ही तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

*कुत्रा नकोच असेल तर दुसरं काय?* पळणाऱ्या मुलासाठी मनगटाला किंवा कंबरेला सुरक्षा पट्टा, गळ्यात किंवा सदऱ्यावर आई-वडिलांचा फोन नंबर आणि दाराला उंच कडी. आवाजासाठी कान झाकणारे हेडफोन. अंगावर दाबासाठी जड गोधडी, थेरपिस्टला विचारून. यातल्या बहुतेक गोष्टी आठवडाभरात होतात आणि फार खर्चिक नाहीत.

विकणाऱ्याला किंवा प्रशिक्षकाला विचारायचे प्रश्न

१. स्वमग्न मुलांसोबत याआधी काम केलंय का? त्या पालकांशी फोनवर बोलता येईल का?
२. कुत्रा कोणती कामं करेल? ती आमच्यासमोर, आमच्या मुलासोबत करून दाखवाल का?
३. कुत्र्याचे आई-वडील पाहता येतील का? लसींचं पुस्तक आणि पशुवैद्याची तपासणी आहे का?
४. आम्हाला किती दिवस शिकवणार? घरी येऊन किती वेळा पाहणार?
५. जमलं नाही तर कुत्रा परत घेणार का, आणि पैशांचं काय? हे लिहून देणार का?

पाचही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर पुढची पायरी चढावी. पहिल्याच प्रश्नाला ‘प्रमाणपत्र आहे ना साहेब’ असं उत्तर आलं, तर पिशवी उचलून परतीची गाडी धरावी.